वरची मोकळी जागा

आमच्या सरकारी वसाहतीच्या मधोमध जी लहानशी बाग आहे, तिच्या एका कोपऱ्यात जांभळाच्या झाडाखाली एक काळी शिळा उभी आहे. उंची जेमतेम कमरेएवढी. तीवर अकरा नावे कोरलेली आहेत आणि खाली २०२१ हे साल. नावांच्या वर सुमारे वीतभर जागा मोकळी आहे. ही जागा मोकळी ठेवण्यासाठी आम्हा पाच जणांच्या समितीला सात बैठका घ्याव्या लागल्या, दोन सद्गृहस्थांनी एकमेकांशी बोलणे सोडले, आणि मी माझ्या आईशी, अगदी खोटे नव्हे, पण खऱ्याच्या अलीकडचे काहीतरी बोललो. त्या वीतभर जागेविषयी मला लिहायचे आहे.

अकरांतील सहावे नाव माझ्या वडिलांचे. ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर हिवाळ्यापुरते म्हणून आईसह दिल्लीला आले आणि टाळेबंदीच्या भीतीने राहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याचे वर्णन पुन्हा करण्याची माझी इच्छा नाही. एवढेच सांगतो, की स्मशानाच्या दारात माझ्या हाती एक चिठ्ठी देण्यात आली, तीवर एक क्रमांक होता आणि त्या क्रमांकाची पाळी येण्यास साडेपाच तास लागले. आई त्या वेळी घरी तापाने पडली होती. तिने वडिलांना शेवटचे पाहिले ते रुग्णवाहिकेत चढताना. तेही वरच्या मजल्याच्या खिडकीतून, पाठमोरे. अस्थी मी पुढे जूनमध्ये संगम माहुलीला नेऊन कृष्णेत सोडल्या. तेव्हा या दिल्ली शहरात माझ्या वडिलांची म्हणून जी काही खूण आहे ती या शिळेवरची एक ओळ. शिळेचा प्रश्न माझ्या दृष्टीने निव्वळ तात्त्विक का नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

समितीचा मी चिटणीस. कारकुनाला समितीत नेहमीच चिटणीस करतात, कारण खर्डा करण्याचे काम दुसऱ्या कोणाला नको असते. बाकीच्या चौघांत मुलाकडे राहणारे एक निवृत्त सुभेदार होते, हिशेब तपासणीच्या खात्यातले एक बंगाली गृहस्थ होते, उत्तर प्रदेशातले एक विभागाधिकारी होते, आणि चौथे एक केरळी ख्रिस्ती गृहस्थ. त्यांची पत्नी परिचारिका होती आणि यादीत तिचे नाव तिसरे होते. नावांचा क्रम मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावावा, हुद्दा लिहू नये, यावर पहिल्याच बैठकीत एकमत झाले. मग सुभेदारसाहेबांनी विचारले, ‘वर काय घालायचे?’ आणि तिथून पुढे सहा बैठका झाल्या.

सुभेदारांचे म्हणणे सरळ होते. अकरांपैकी नऊ हिंदू. वर ॐ असावा. त्यात कोणाचा अपमान नाही. ‘ज्या दगडावर देवाचे नाव नाही, तो दगड आणि मैलाचा दगड यांत फरक काय?’ असे त्यांनी विचारले, आणि मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की या प्रश्नाला मला आजही पटेल असे उत्तर सापडलेले नाही. विभागाधिकाऱ्यांनी तोड सुचवली, की चारही धर्मांची चिन्हे एका ओळीत घालावी. यावर बंगाली गृहस्थ मिस्किलपणे म्हणाले, की अशी ओळ आपल्या कचेरीच्या जिन्यात आधीच आहे. ती कोठली, हे वाचकांना सांगायला नकोच. लोकांनी कोपऱ्यात पान खाऊन थुंकू नये म्हणून ज्या देवादिकांच्या चिनी मातीच्या फरशा भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर बसवतात, त्या. सर्वधर्मसमभावाचे इतके कार्यक्षम प्रदर्शन आपल्या देशात दुसरीकडे क्वचितच आढळेल! त्यांनी स्वतः ज्योत सुचवली. पण समई ही तर देवघरातलीच, असा आक्षेप आला. कमळ म्हटले तर ते निवडणुकीच्या चिन्हात गेलेले. साधा एक वेल कोरावा म्हटले, तर तो लग्नपत्रिकेवरचा दिसेल, असे निघाले. आपल्याकडे कोणाचीच नाही अशी वस्तूच उरलेली नाही, हे त्या बैठकांत मला प्रथम उमगले.

केरळी गृहस्थ सगळ्या बैठकांत गप्प असत. यादीतल्या एका मुसलमान चालकाचे कुटुंब क्वार्टर सोडून गावी निघून गेले होते. त्यांच्या मुलाला मी दूरध्वनी केला आणि जरा संकोचानेच विचारले, की चिन्हासंबंधी आपली काही इच्छा आहे का. तो म्हणाला, ‘अब्बांचे नाव तेवढे बरोबर लिहा. ज खाली नुक्ता असतो. पेन्शनच्या कागदावर चुकला होता, तर आम्हाला आठ महिने हेलपाटे पडले.’

अशा पेचात कारकून काय करतो? तो पूर्वीचा दाखला शोधतो. आपल्याआधी कोणीतरी याच अडचणीत सापडला असेल, त्याने टिप्पणी लिहिली असेल आणि ती वरून मंजूर होऊन आली असेल, या श्रद्धेवर आमचा सारा संसार चालतो. माझा दाखला मला दिल्ली छावणीत, ब्रार स्क्वेअरच्या युद्ध-दफनभूमीत सापडला.

एका रविवारी मी तेथे गेलो. हिरवळीवर एकाच मापाच्या पांढऱ्या शिळांच्या रांगा. कर्नलची शिळा शिपायाच्या शिळेहून बोटभरही उंच नाही. वर पलटणीचे चिन्ह, मग नाव, तारीख, आणि खाली बहुतेकांवर क्रूस. काहींवर मात्र काहीच नाही. तेथे दगड कोरा आहे. ज्याचे चिन्ह त्याच्या शिळेवर, आणि नको असेल त्याला नको: हा नियम मला फार शहाणपणाचा वाटला, आणि तो कोणी केला हे शोधण्यासाठी मी पुढले दोन महिने संध्याकाळी ग्रंथालयात घालवले.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिश साम्राज्याच्या मृत सैनिकांच्या थडग्यांची व्यवस्था पाहण्यासाठी एक आयोग नेमला गेला. नवी दिल्लीचा आराखडा करीत असलेला वास्तुविशारद एडविन लट्येन्स त्याच वर्षी फ्रान्समधल्या रणभूमीवर जाऊन आला. प्रत्येक दफनभूमीत बारा फूट लांबीची एकच भव्य शिळा असावी, तिच्यावर कोणत्याही धर्माचे चिन्ह नसावे, असे त्याने सुचवले. मेलेल्यांत ख्रिस्ती होते तसे ज्यू, हिंदू, मुसलमान, शीख होते आणि काहीच न मानणारेही होते. लट्येन्सची पत्नी थिऑसफीची अनुयायी होती, तेव्हा हे विचार त्याच्या घरातलेच म्हणायचे. कँटरबरीच्या आर्चबिशपना, म्हणजे रँडल डेव्हिडसन यांना, क्रूस नसलेली ही शिळा मुळीच रुचली नाही. मग ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांच्याकडे प्रकरण सोपवण्यात आले. त्यांनी १९१८ साली अहवाल दिला: शिळाही असावी, क्रूसही असावा. क्रूस रेजिनल्ड ब्लोमफील्डने रेखाटला, आणि त्यावर खाली टोक केलेली एक ब्राँझची तलवार बसवली. पत्रव्यवहाराचा शेवट असाच होतो, हे मला वीस पाने आधीच कळले होते.

पण खरा वाद याहून निराळा होता, आणि तो वाचताना मला खुर्चीत सरळ बसावे लागले. आयोगाने ठरवले होते, की प्रत्येक थडग्यावर सारखीच, सरळ कडांची शिळा. क्रूस हवा तर तिच्यावर कोरून घ्यावा. पुष्कळ आयांना हे मान्य नव्हते. शिळेवर कोरलेला क्रूस त्यांना पुरत नव्हता. शिळेऐवजी क्रूसच उभा हवा होता. लेडी फ्लोरेन्स सेसिल यांचे तीन मुलगे युद्धात पडले होते. त्यांनी पुढाकार घेतला आणि आठ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज १९१९ साली युवराजांकडे गेला. ४ मे १९२० रोजी पार्लमेंटात या विषयावर चर्चा झाली. तीत बर्डेट-कूट्स या सभासदाने रडयार्ड किपलिंगचे एक पत्र वाचून दाखवले. आपल्या मुंबईत जन्मलेल्या या लेखकाची साम्राज्यभक्ती आपल्याला कधीच गोड लागणार नाही. परंतु त्याचा अठरा वर्षांचा मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता आणि बापाच्या हयातीत त्याचा देह कधीच ओळखला गेला नाही. पत्राचा भावार्थ असा, की ज्यांच्या मुलाचे नाव एका ठाऊक असलेल्या जागी दगडावर लिहिलेले आहे ते किती भाग्याचे आहेत, हे त्यांना कळते तर बरे. आयोगाचा आराखडा पुढे तसाच राहिला.

बुद्धीने मी आयोगाच्या बाजूचा. राजाला आणि रंकाला एकच माप, ही गोष्ट मला इंग्रजांच्या साऱ्या कारभारात अपवादानेच सापडलेली. पण पान उलटल्यावर मला त्या बाई दिसू लागल्या. तीन मुलगे गेलेल्या स्त्रीला, समानतेचे तत्त्व किती सुंदर आहे हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि माझ्या घरात एक स्त्री रोज रात्री जेवताना विचारत होती, ‘झालं का रे तुमचं काही ठरून?’

मग एके संध्याकाळी इंडिया गेटपाशी जाऊन उभा राहिलो. कचेरीतून परतताना शेकडो वेळा मी त्यावरून गेलो आहे. ‘पाहिले’ मात्र त्या दिवशी. १९२१ साली पायाभरणी आणि १९३१ साली उद्घाटन झालेली ही कमानही लट्येन्सचीच. येथे त्याला अडवणारा आर्चबिशप नव्हता. क्रूस नाही, चंद्रकोर नाही, ॐ नाही. तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, आणि अगदी वर, कंगोऱ्याच्या पट्टीत, सूर्यबिंबे. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हणत, त्याचे ते सूर्य. उद्घाटनानंतर सोळा वर्षांत ते साम्राज्य येथून उठून गेले आणि सूर्य राहिले. १९७२ साली कमानीखाली अमर जवान ज्योती आली. उलटी रोवलेली बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण. ती ज्योत २०२२ च्या जानेवारीत पलीकडच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत मिळवण्यात आली. या नव्या स्मारकात, २०१९ साली ते खुले झाले, ग्रॅनाइटच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे चक्रव्यूहाच्या रचनेत मांडली आहेत. चक्रव्यूह म्हणजे महाभारत, म्हणजे अभिमन्यू. आता हे धर्मचिन्ह की युद्धशास्त्र? आमच्या समितीपुढे हा प्रश्न आला असता तर आणखी चार बैठका सहज झाल्या असत्या. पण तेथे मी एका म्हाताऱ्या शीख बाईंना भिंतीतल्या एका नावावर हात ठेवून उभ्या असलेल्या पाहिले. वर पाहायला त्यांना सवड नव्हती.

नावावरचा तो हात पाहून मला वडिलांनी सांगितलेली एक हकीकत आठवली. खरे म्हणजे तिच्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे.

माझ्या पणजोबांचे धाकटे बंधू मराठा पलटणीत होते. ते ‘बसऱ्याला’ गेले आणि परत आले नाहीत. आमच्या घराण्याला त्यांच्याविषयी एवढेच ठाऊक. बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तेथे बसऱ्याला १९२९ साली एक प्रचंड स्मारक उभारण्यात आले. ज्यांना थडगे लाभले नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे होती, हिंदी अधिकाऱ्यांची नावे होती. साध्या हिंदी शिपायांची नावे नव्हती. पलटणीचे नाव आणि त्याखाली मेलेल्यांची संख्या, एवढेच. राजाला आणि रंकाला एकच माप म्हणून मी ज्याचे नुकतेच कौतुक केले, त्याच आयोगाचे हे स्मारक. २०२१ च्या एप्रिलमध्ये (योगायोग पाहा, मी स्मशानाच्या दारात क्रमांक घेऊन उभा होतो तोच महिना) त्या आयोगाच्या वारसांनी स्वतःच्या इतिहासाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला आणि क्षमा मागितली. पहिल्या महायुद्धातले निदान एक लाख सोळा हजार मृत, मुख्यतः पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तमधले, नावानिशी नोंदलेच गेले नाहीत, किंवा मुळीच नोंदले गेले नाहीत, असे त्यात आहे.

लेडी सेसिल यांचा अर्ज मी पुन्हा काढून वाचला. आठ हजार सह्या. त्यांना चिन्हाचा आकार हवा होता. आमच्या धाकट्या पणजोबांच्या चिन्हावर वाद घालण्याची वेळच आली नाही. त्यासाठी आधी नाव लागते.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे तीवर इंग्रजीत लिहिलेले आहे. अशा पाट्या साताऱ्याकडे आणि कोकणात गावोगाव आढळतात. नाव एकही नाही, चिन्हही नाही. धाकट्या पणजोबांची विधवा, जिला वडील ‘धाकटी आजी’ म्हणत, ती त्यांच्या लहानपणापर्यंत जिवंत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. इंग्रजीची तर गोष्टच सोडा. पण दर दसऱ्याला ती चावडीवर जाई आणि त्या पाटीवरच्या मृतांच्या आकड्यावर आपट्याचे पान टेकवी. वडिलांनी शाळेत जाऊ लागल्यावर तिला सांगितले, ‘आजी, हे नाव नाही, हा आकडा आहे.’ ती म्हणाली, ‘ठाव हाय मला. त्यातला एक आपला.’

त्याच चावडीपासून दोनशे पावलांवर, महादेवाच्या देवळाबाहेर, तीन वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर लढाई, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. त्यांच्यावरही नाव नाही. तो कोण, कोणासाठी मेला, गुरांसाठी की गावासाठी, आज कोणी सांगू शकत नाही. तरी त्याला शेंदूर लागतो, नारळ फुटतो. गावची नवी नवरी त्याच्या पाया पडते. चावडीतल्या पाटीवर मात्र धाकटी आजी गेल्यानंतर कोणी पान ठेवले नाही. सुभेदारसाहेबांच्या मैलाच्या दगडाविषयीच्या प्रश्नाला मला उत्तर सापडत नाही ते यामुळे. चिन्ह असते तर गावाने ती पाटी सांभाळली असती, हे मला दिसते आहे. आणि हेही दिसते, की शेंदूर लावणाऱ्या हाताला वीर कोण हे विचारावेसे वाटत नाही. वीरगळाला भक्त मिळाले. धाकट्या आजीसारखे माणूस त्याला कधीच हरवले.

सातव्या बैठकीत केरळी गृहस्थ प्रथमच बोलले. ते म्हणाले, ‘माझ्या बायकोच्या थडग्यावर क्रूस आहे. तेथे तो तिचा आहे. येथे तो चौघांत चौथा म्हणून येणार, हिशेब पुरा करण्यासाठी. तसा नको. ॐ घालायचा असेल तर खुशाल घाला, मी हरकत घेणार नाही. पण मग तिचे नाव काढा.’ आवाज चढलेला नव्हता. सुभेदारसाहेब बराच वेळ खाली पाहत राहिले, मग म्हणाले, ‘नाव कसे काढणार? तिने माझ्या नातवाला टोचले होते.’ आणि मी इतिवृत्तात लिहिले: वरची जागा मोकळी ठेवावी.

हे सर्व मी आईला सांगायला हवे होते. लेडी सेसिल, चावडी, धाकटी आजी, सगळे. ती माउली समजून घेण्याच्या पलीकडची नाही. पण त्या रात्री तिने विचारले, ‘आणि वर काय?’ तेव्हा माझ्यातला कारकून पुढे झाला. मी म्हणालो, ‘वर काही घालता येत नाही, आई. सरकारी जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ सालचा हुकूम आहे, सार्वजनिक जागेत नवे धार्मिक बांधकाम चालत नाही.’ हुकूम खरा आहे. तो परवानगीवाचून रस्त्यावर आणि बागांत उभ्या राहणाऱ्या देवळांसाठी, मशिदींसाठी, चर्चसाठी आणि गुरुद्वारांसाठी आहे. शिळेवरच्या एका अक्षराला तो लागू पडतो असे त्यात कोठे म्हटलेले नाही, हे मला ठाऊक होते. आईला ठाऊक नव्हते. ‘कोर्टच म्हणतंय म्हटल्यावर काय,’ असे म्हणून तिने ताटे उचलली. पार्लमेंटात निदान चर्चा तरी झाली होती.

शिळा २०२३ च्या फेब्रुवारीत उभी राहिली. नुक्ता बरोबर आला आहे. पाथरवटाला तो मी तीनदा दाखवला होता. त्या वर्षी दसऱ्याला आईने मला बागेतून कांचनाची पाने आणायला सांगितली. दिल्लीत आपटा सहजी मिळत नाही, पण कांचनाचे झाड रस्त्यारस्त्यावर आहे आणि पान तसेच जोडीचे. येथली मराठी मंडळी त्यावरच दसरा भागवतात. मी मूठभर आणली. तिने त्यांतली अकरा निवडून घेतली.

संध्याकाळी आम्ही शिळेपाशी गेलो. केरळी गृहस्थ आधीच तेथे होते. सुट्टी होती म्हणून आले असावेत. मेणबत्ती लावण्याचा त्यांचा प्रयत्न वाऱ्यामुळे साधत नव्हता. आईने वडिलांच्या नावाखाली पान ठेवले, मग बाकीच्यांच्या खाली एकेक ठेवत गेली. तिसऱ्या नावापाशी थांबून तिने मला हळूच विचारले, ‘ह्यांच्यात चालतं का रे पान?’ मला ठाऊक नव्हते. मी त्या गृहस्थांकडे पाहिले. त्यांना मराठी कळत नाही. पण त्यांनी हात पुढे केला, आणि आईने ते पान शिळेवर ठेवण्याऐवजी त्यांच्या तळहातावर ठेवले. ‘सोनं घ्या,’ ती म्हणाली. मी हिंदीत अर्थ सांगू लागलो. त्यांनी मान हलवली आणि पान खिशात घातले.

परतताना आई दोनदा मागे वळून पाहत होती. मला वाटले ती काही बोलेल, आणि ती बोललीही.

‘काही म्हण तू,’ ती म्हणाली, ‘पण वर मोकळं ते मोकळंच दिसतं.’

पुढल्या वर्षीच्या दसऱ्यालाही ती हेच म्हणाली.